सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे

अक्काला डॉक्टरची पाठ आता चांगलीच ओळखीची झाली होती. तोंड दिसायचं ते जाता-येता. चाकांच्या टेबलावरचा कॉम्प्युटर ढकलत तो वॉर्डात शिरायचा, खाटेकडे पाठ करायचा आणि झोप लागली का, भूक आहे का, हे सगळं पडद्यालाच विचारायचा. अक्काचा धाकटा भाऊ बिचारा त्या पाठीला उत्तरं द्यायचा. आज त्याच्या पायाची जखम चिघळली म्हणून नवं इंजेक्शन सुरू होणार होतं.

"पेनिसिलिनचं नाही ना?" अक्काने विचारलं. "ह्याला ते चालत नाही. मागे घसा सुजून जीव जायची वेळ आली होती. भरती करतानाच सांगितलंय मी."

"सांगितलंय ना? मग सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे. चुकीचं काही लिहिलं तर तोच अडवतो."

आणि त्याने अडवलंही. पडद्यावर पिवळी चौकट आली, डॉक्टरने बंद केली. वजन भरा म्हणणारी आली, तीही बंद. मग एक लालभडक आली. नाकावरची माशी हाकलावी तशी त्याने तीही हाकलली. एवढी बुकं शिकलेला माणूस, आणि दोन ओळी वाचायचा कंटाळा! अक्काला अगदी शिसारी आली.

थोड्या वेळाने सिस्टर इंजेक्शन घेऊन आली. भावाच्या मनगटावरच्या पट्ट्याला तिने यंत्र लावलं, ते टुणकन वाजलं, आणि तिने सुई पुढे केली. अक्काने तिचा हातच धरला.

"बाटलीवरचं नाव वाच, बाई. मोठ्याने."

सिस्टरने वाचलं. पेनिसिलिनच होतं. तिने सुई झटकन मागे घेतली.

डॉक्टरला बोलावलं. चुकलं, हा शब्द काही त्याच्या तोंडून निघाला नाही. पडद्याकडे वळून त्याने बराच वेळ काहीतरी बडवलं, औषध बदललं आणि चालता झाला.

संध्याकाळी पाळी बदलली. भावाला फणफणून ताप भरला होता आणि नवं औषध अजून आलं नव्हतं. अक्का घायकुतीला येऊन हाका मारत होती. नवी सिस्टर तेच चाकांचं टेबल ढकलत आली, आधी पडद्याकडे पाहिलं, मग अक्काकडे, आणि दोन हात लांबच थांबली.

"मावशी, आवाज चढवायचा नाही. तुमचं सगळं कळलंय आम्हाला."

अक्काने मान वाकडी करून पडदा पाहिला. सगळ्यात वर, ठळक अक्षरांत होतं: 'रुग्णाची बहीण भांडखोर. उपचारात अडथळा आणते.'

"म्हणजे वाचता येतं तर तुम्हाला!" अक्का म्हणाली.