दोसिंदाच्या हातचं बी

"मला सफरचंदाचा मुरंबा शिकवतायत. जन्मात कधी केलाच नव्हता ना मी."

आई मक्याचे दाणे सोडवता सोडवता पुटपुटत होती. मी तिला चिकटून बसले होते म्हणून मला ऐकू आलं.

त्या वर्षी स्पेनच्या गालिसिया प्रांतातल्या आमच्या गावात शेतीखात्याची माणसं आली होती. त्यांच्यातल्या साहेबांनी पुरुषांना गुत्त्यात जमवून नव्या संकरित मक्याची माहिती दिली. त्यांच्याबरोबरच्या बाईंनी बायकांना शाळेत बसवून मुरंबा शिकवला. गुत्त्यात बायका जात नसत. निम्म्या घरांतले नवरे जर्मनीच्या कारखान्यांत, माझे बाबाही तिकडेच. नांगरणी, पेरणी, गाई, सगळं बायकांच्या अंगावर. पण मका ऐकायला गेले म्हातारे. आमचे आजोबा येताना बियाण्याची पिशवी तेवढी घेऊन आले.

पहिल्या वर्षी कणसं कोपरापर्यंत लांब आली. आईनं त्यातली सर्वांत भरलेली निवडली, पानांच्या वेण्या घालून चुलीवरच्या धुरात टांगली. बी निवडणं हे बायकांचं काम, आणि आईची नजर पंचक्रोशीत नावाजलेली. वसंतात शेजारणी यायच्या, हिच्या हातचं बी ओटीत घेऊन जायच्या. आईची ऐट असायची ती त्या चार दिवसांत. धुराचा, मक्याचा तो वास अजून माझ्या नाकात आहे.

पुढच्या वसंतातही चार घरांनी हे नव्या मक्याचं बी नेलं.

शरदात एका रविवारी दुपारी सगळे आमच्या अंगणात कणसं सोलायला बसले. भाजलेले चेस्टनट, नवी वाईन, गाणी. पण गाणी लवकरच थांबली. एक कणीस बोटाएवढं, दुसऱ्यात निम्मे दाणेच नाहीत.

"दोसिंदे, हे कणीस आहे की माझ्या सासूचे दात?" शेजारची सेल्सामावशी म्हणाली. बायका हसल्या.

"हातचा गुण गेला गं हिचा," दुसरी हळूच म्हणाली.

आई हसली नाही. उठून आत गेली, बियाण्यासाठी वेगळी काढलेली कणसं टोपलीभर आणून सेल्सामावशीपुढे ठेवली.

"यंदापासून तू निवड. माझ्या दारात कुणी यायला नको."

सेल्सामावशीचा चेहरा उतरला. "अगं, मी थट्टा केली."

"चार घरांचा मका घालवला मी. थट्टा कसली त्यात?"

म्हातारे एकाएकी फार मन लावून कणसं सोलायला लागले. त्यांच्यातले अमारोकाका खाकरले आणि वाईन ओतत बसले. आजोबांच्या हातातलं कणीस केव्हाच सोलून झालं होतं, तरी ते त्याच्यावरून अंगठा फिरवत राहिले.

"टोपली उचल, पोरी," ते आईला म्हणाले. "साहेबानं बजावून सांगितलं होतं, या मक्याचं बी धरायचं नाही, दरवर्षी नवं आणायचं. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. बियाणं म्हणजे बायकांचं काम, म्हणून घरी येऊन एकानंही सांगितलं नाही. मीही नाही."