खणातली बाटली

"तुम्ही माझा माल जप्त केला नाहीत, पाक. तुम्ही तो शिजवलात!"

विगातीने हे साहेबाच्या तोंडावर सांगितलं, वडीलधाऱ्या पुरुषाला घालतात ती 'पाक' अशी आदराची हाक घालून, आणि तेही खुर्चीत न बसता. बंदराच्या जकात कचेरीत उभ्याने बोलणारी माणसं दोनच प्रकारची, हमाल आणि वेडे. साहेबाने तिला दुसऱ्यांत धरलं असावं, कारण तो हसला. 'म्बाक' म्हणाला, म्हणजे ताई.

"म्बाक, आधी बसा तरी. तुमच्या बाटल्यांवरच्या कराच्या पट्ट्या खऱ्या निघाल्या. तुम्ही निर्दोष. इथे सही करा, की माल तुमचा, परवाना तुमचा, उद्या दुकान उघडा. आणखी काय हवं?"

"सही कशावर? 'माल सुस्थितीत मिळाला' यावर?"

"छापील वाक्य आहे हो ते. सगळेच करतात."

सगळेच करतात. या तीन शब्दांवर ही कचेरी उभी होती.

विगाती जावा बेटावरच्या मलांगची. तिथल्या डोंगरातल्या गारव्यात ती व्हेपमध्ये, म्हणजे ई-सिगारेटमध्ये, भरायचं लिक्विड बनवायची. तिचं नाव झालं ते क्लेपोनच्या चवीमुळे. गुळाने भरलेली, खोबऱ्यात घोळवलेली ती हिरवी गोळी सगळ्या जावाने लहानपणी खाल्लेली, पण ती चव धुरात उतरवणं तिलाच जमलं होतं. शेजारणी म्हणायच्या, विगाती बाटल्यांना बाळंतिणीसारखं जपते. खोली अंधारी आणि गार. बाटल्या उभ्या, बुचं घट्ट. कपाटाला कुलूप, कारण गोड वासाला पोरं आणि मांजरं दोघं भुलतात. निकोटीन ओतताना हातात मोजे, आणि थेंब सांडलाच तर आधी साबणपाणी, मग बाकीचं जग.

आणि हा माल अख्खा उन्हाळा पत्र्याच्या शेडमध्ये पडला होता.

साहेबासमोर येण्यापूर्वी ती धाकट्या भावाला, वासिसला, घेऊन ती शेड पाहून आली होती. दार उघडलं तशी तव्यावरची वाफ यावी तशी हवा अंगावर आली. पेट्या आडव्या, एकीवर एक, खालच्या चेपलेल्या. बाटल्या फुगून बुचांतून गळलेल्या. फिक्या चहासारखं निघालेलं लिक्विड आता सोया सॉसचा भाऊ शोभत होतं. तिने एक बूच उघडून वास घेतला. ना गूळ, ना खोबरं. जळक्या मिरीसारखं काहीतरी नाकात टोचलं.

"म्बाक, सही कर आणि चल," वासिस कुजबुजला. "आंब्याच्या नव्या मालात थोडं थोडं मिसळून टाकू. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना."

"दुकान उघडेल गं!"

"आणि माझ्या नावाने लोकांच्या घशात मिरच्या जातील."

वासिस पुढे बोलणार, तेवढ्यात पाक सार्मिदी पेटी छातीशी कवटाळून आले. म्हातारे हमाल. हात कोपरापर्यंत चिकट, सदरा पुढून ओला. मानेवर लालभडक पट्टे उठलेले. अंगात वारा शिरून मळमळलं, गरगरलं की जावात मानेपाठीवर नाणं घासतात, त्याचे.

"वारा शिरलाय का, पाक?" वासिसने विचारलं.

"रोजचंच झालंय, बाळ. या शेडमध्ये आलो की डोकं गरगरतं, मळमळतं, तोंडाला पाणी सुटतं. बायको रोज नाणं घासते, आल्याचा काढा पाजते. दुसऱ्या पेट्या उचलतो तेव्हा काही नाही बघा. या गोड वासाच्या पेट्यांशीच वाऱ्याचं काय सूत जमलंय, कुणास ठाऊक!"

विगातीने त्यांचे चिकट हात पाहिले. वारा कसला आणि काय कसलं!

"पेटी खाली ठेवा. आत्ताच्या आत्ता. साबण कुठाय?"

"साबण? तो साहेबांच्या मोरीत."

तिने टेम्पोतला धुण्याचा साबण आणला, आपले मोजे चढवले आणि नळाखाली म्हाताऱ्याचे हात, छाती भांडी घासावीत तसे धुतले. भिजका सदरा उतरवला आणि वासिसकडे हात पसरला.

"माझा नवा शर्ट?" वासिस ओरडला.

"काढ मुकाट्याने!"

वासिस गंजीफ्रॉकवर आला. सार्मिदी शर्टाची बटणं लावत म्हणाले, "म्हणजे हा वारा नव्हे?"

"नव्हे. निकोटीन आहे, पाक. कातडीतून आत शिरतं. आज दवाखान्यात जायचं, आणि हे डॉक्टरला सांगायचं."

"मग बायकोने एवढे दिवस माझी पाठ सोलली, ती फुकटच की!"

वासिस हसला. विगातीला हसू आलं नाही. आतापर्यंत तिला तिच्या नावाची काळजी होती. आता त्या छापील वाक्याखाली एक माणूस दबलेला दिसत होता. ती तरातरा कचेरीत शिरली, मागोमाग ते दोघे.

आणि आता साहेब तिला समजावत होता.

"रंग बदलला म्हणून माल खराब होत नाही, हे तुम्हीच दुकानात लिहून लावलंय. लिक्विड मुरवायला ठेवता ना तुम्ही लोक? मग? आम्ही फुकटात मुरवून दिलं. आभार माना!"

"मुरणं अंधारात आणि गारव्यात होतं. पत्र्याखाली होतं ते शिजणं."

साहेबाने मान झटकली आणि सवयीने खण ओढला. व्हेप काढला, मग एक बाटली. बाटली पेल्यात उभी ठेवलेली, भोवती टिश्यू गुंडाळलेला. बोटांना लागू नये म्हणून टिश्यूतच धरून त्याने अलगद चार थेंब भरले, बूच घट्ट केलं, बोटं पुसली. खोलीत एसीचा गारठा. बाटलीतला रंग फिक्या चहाचा.

हिरवं बूच विगातीने लांबूनच ओळखलं.

"ही माझी."

"नमुना आहे," साहेब पटकन म्हणाला. "तपासणीपुरता काढलेला. रीतसर."

"असू दे रीतसर." तिने शेडमधली बाटली पिशवीतून काढून तिच्या शेजारी ठेवली. एकाच दिवशी, एकाच पातेल्यातून भरलेल्या दोन बाटल्या. एक फिकी, एक काळी. "आता यातलं भरा. एक झुरका घ्या. सुस्थितीत आहे ना? तुम्ही झुरका घ्या, मी सही करते."

साहेबाने काळ्या बाटलीकडे पाहिलं. हात पुढे आला नाही.

"सही नाही केलीत तर दुकान बंदच राहील. वर माल टाकून गेलात असा शेरा पडेल."

"म्बाक…" वासिस मागून कळवळला.

विगातीने पेन उचललं. साहेबाचा चेहरा सैलावला. तिने त्या पेनाला टोपण लावलं, बाटलीचं लावते तसं घट्ट, आणि टेबलावर ठेवून दिलं.

"राहू दे बंद." तिने सार्मिदींना दंडाला धरून पुढे आणलं, मानेवरचे पट्टे साहेबाला दिसतील असे. "इथे तुम्हालाही पाक म्हणतात, यांनाही पाक म्हणतात. तुमची बाटली गारव्यात, अंधारात, उभी. तुमच्या बोटांना टिश्यू. म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं. मग माझ्या पेट्या पत्र्याखाली का? आणि या माणसाच्या हातांत मोजे का नव्हते? मी इथून हलत नाही. बोला, पाक. का नव्हते?"