आई हलली तो फोटो

मी एक रॉ फाइल बोलतेय. रॉ म्हणजे कच्ची. कॅमेऱ्याला जे दिसलं ते सगळं माझ्या पोटात असतं, पण मीठमसाला काही नाही, म्हणून दिसायला मी जरा फिकट. संगणकात मला उघडतात, रंगरंगोटी करतात, तेव्हा कुठे माझा फोटो होतो.

माझे मालक चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतात. "हे स्पष्ट की ते स्पष्ट?" असं दिवसभर विचारून त्यांची पक्की समजूत झालीय, की स्पष्ट दिसलं म्हणजे सगळं दिसलं. अशा माणसाच्या हातात कॅमेरा आला आणि डोक्यात एचडीआरचं भूत शिरलं. एकाच जागेचे तीन फोटो काढायचे, एक काळपट, एक बेताचा, एक उजळ, आणि तिन्ही जोडून एक करायचा. मग म्हणे खिडकीबाहेरचं आकाशही दिसतं आणि पलंगाखालची धूळही. पलंगाखालची धूळ कुणाला बघायची असते, हे मात्र कुणी सांगत नाही.

हे शिकवणारे गुरुजी व्हिडिओत राहायचे. "सावल्या उचला, उजेड दाबा," म्हणजे काळं ते उजळायचं आणि लख्ख ते मंद करायचं, एवढा त्यांचा मंत्र. मालकांनी तो असा घोकला, की जेवणाच्या टेबलावरही दुधाच्या पेल्याकडे एक डोळा मिटून बघायचे.

"याचा उजेड दाबायला हवा."

"आधी दूध प्या. निवतंय," बायको म्हणायची.

सरावासाठी त्यांनी शेजाऱ्यांच्या जिन्याचा फोटो केला. त्यात भिंतीवरचा एकेक डाग असा उठून आला, की शेजाऱ्यांनी मुकाट्यानं रंगारी बोलावला. मालकांनी ती पोचपावती समजली.

एक दिवस त्यांची आई म्हणाली, "एवढे फोटो काढतोस, तर माझा एक धड काढ. मी गेल्यावर तुम्ही ओळखपत्रावरचा मोठा करून भिंतीवर टांगाल. त्यात मी पोलिसांनी पकडून आणल्यासारखी दिसते."

ती हे हसत म्हणाली, पण तिला तो फोटो मनापासून हवा होता. अलीकडे ती आरशासमोर जरा जास्त वेळ थांबायची. आपण मागे कसे उरणार याची काळजी म्हाताऱ्या माणसांना असते, ती बोलून दाखवत नाहीत एवढंच.

आम्ही तिघी बहिणी अशा जन्मलो. थोरली काळी, मी मधली, आणि धाकटी गोरीपान, म्हणून साहजिकच लाडकी. आई ठेवणीतले कपडे घालून खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. कॅमेरा तिपाईवर होता आणि एकदा कळ दाबली की थोडं थोडं थांबून आपोआप तीन फोटो घेणार होता. आई ताठ झाली, तिनं ओठ मिटले, थेट ओळखपत्रातल्यासारखे. थोरली जन्मली. सावली पडू नये म्हणून मालक मागे सरकले आणि त्यांच्या पायाची करंगळी कपाटाच्या कोपऱ्यावर आपटली.

"आई गं!" ते कळवळले.

आई त्यांच्याकडे वळली, अर्धवट उठली, एक हात पुढे. तेवढ्यात मी जन्मले. धाकटीच्या वेळी खुर्ची रिकामी होती, आई कॅमेऱ्यामागे खाली बसून त्यांची करंगळी चोळत होती.

मालक लंगडत संगणकाकडे पळाले. आम्हा तिघींना जोडलं तर आईला दोन तोंडं, तीन हात आणि पोटातून आरपार दिसणारी खुर्ची. गुरुजींकडे त्यावरही उतारा होता. तीन फोटोंत जे हललं त्याला त्यांच्या भाषेत भूत म्हणतात. कुठला फोटो खरा धरायचा ते सांगितलं, की संगणक भूत उतरवतो. मालकांनी गोरीपान धाकटीला खरं धरलं, कारण तिच्यात खोलीचा कोपरा स्पष्ट होता. एक टिचकी मारली आणि आई गेली.

त्यांच्या लक्षात आलं नाही असं नाही. पण आकाश इतकं निळं आलं होतं, की ते म्हणाले, "आईचा परत काढू." मग सावल्या उचलल्या, उजेड दाबला, खुर्चीच्या लाकडाची रेष न् रेष टोकदार केली. अति तिथे माती, पण ही मातीसुद्धा त्यांनी चमकवली. हौशी फोटोवाल्यांच्या गटात तो टाकल्यावर वाहवा सुरू झाली. एकानं लिहिलं, "रिकाम्या खुर्चीतली अनुपस्थिती बोलते." जी अनुपस्थित होती ती आतल्या खोलीत फोनवर मोठमोठ्यानं बोलत होती.

मालकांनी तिला हौसेनं बोलावलं. तिनं बराच वेळ पाहिलं.

"खुर्ची छान आलीय," ती म्हणाली. "मी कुठंय?"

"तू हललीस ना, आई. हललं की भूत होतं. काढावं लागतं."

"म्हणजे जायच्या आधीच मी भूत झाले, आणि तू ते उतरवलंसही."

बायको दारात उभी होती. मालकांचे कान लाल झाले. त्यांनी सारवासारव करायला आम्हा तिघींना एकेक करून उघडलं, आई कशी हलली ते दाखवायला. माझ्यापाशी त्यांचा हात थांबला. माझ्यात खिडकी पांढरीफटक आहे, कोपरा अंधारात आहे, आईचा पुढे आलेला हात पुसट आहे. चेहरा तेवढा नीट आहे, आणि तो त्यांच्याकडे बघतोय.

"ही मी," आई म्हणाली. "हाच ठेव."

"पण तू उठलीस कशाला गं मध्येच?"

"तू हाक मारलीस की."

"हाक कुठे मारली? बोट आपटलं म्हणून ओरडलो."

"आई म्हणालास ना? मग."

मालकांनी चष्मा काढला आणि उगाचच पुसत बसले. गुरुजींनी यावर काही शिकवलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी माझी एकही सावली उचलली नाही. होते तशीच मला छापून चौकटीत बसवलं आणि गटातही टाकलं. तिथल्या जाणकारांनी कळवलं, आकाश जळून पांढरं झालंय, व्यक्ती हललीय. मालकांनी संगणक बंद केला आणि हातोडी शोधली.

ते खिळा ठोकायला निघाले, तेव्हा आईनं हातोडी काढून घेतली. "अजून आहे मी," म्हणाली, आणि मला कपाटात तिच्या ठेवणीतल्या कपड्यांखाली सरकवून दिलं.

शाळेच्या निबंधात आत्मकथा सांगणाऱ्या माझ्यासारख्या वस्तू शेवटी विनवणी करतात, की आम्हाला अडगळीतून काढा, वापरा, चारचौघांत मिरवा. माझं उलट आहे. इथे अंधार आहे, कोंदट आहे, आणि मला बाहेर यायची मुळीच घाई नाही.