आठ दिवसांसाठी नेलेली गादी

मित्रांनो, मी एक जुनी गादी आहे. पण लगेच बसायला येऊ नका. सध्या मी भिंतीवर आहे, चार खिळ्यांनी ठोकलेली. गादीसारखी गादी भिंतीवर काय करते, असं तुम्हाला वाटेल. तेच सांगते.

माझा कापूस एका म्हाताऱ्या कारागिराने पिंजला. माणूस तिरसट, पण टाका असा घालायचा की वीस वर्षांत एकही उसवला नाही. मला घरी नेलं एका इस्त्रीवाल्या बाईंनी. दिवसभर टेबलापाशी उभं राहून त्या लोकांचे कपडे इस्त्री करत आणि संध्याकाळी माझ्यावर पाठ टेकून "हुश्श" म्हणत. त्या एका शब्दाची मी दिवसभर वाट पाहायचे. हळूहळू त्यांच्या पाठीचा खळगाच माझ्यात पडला. त्यांचा मुलगाही माझ्यावर लोळूनच मोठा झाला. त्याने मला किती वेळा ओलं केलं ते चारचौघांत सांगत नाही, आता तो गायक आहे.

या मुलाने तीन मित्रांबरोबर रॉक बँड काढला. कोणतीच कंपनी दारात उभं करेना, तेव्हा पहिला अल्बम स्वतःच रेकॉर्ड करायचं ठरलं. जागा मिळाली ती ड्रमवाल्याच्या मामाच्या रंगाच्या गोदामात. पण वर पत्रा, खाली फरशी, त्यामुळे आवाज नुसता घुमायचा. कुणीतरी म्हणालं, भिंतीला जाड गादी लावा. झालं, पोरगा घरी आला.

"आई, आठच दिवस. मी स्वतः आणून देतो."

"बघ हं, मला चटईवर झोप लागत नाही," असं म्हणत त्या स्वतःच मला गुंडाळायला बसल्या.

आठ दिवसांचे सात महिने झाले. माझं काम आवाज गिळायचं. अर्धा आवाज माइक घ्यायचा, अर्धा मी. सहाव्या गाण्यात एका ओळीवर मुलाचा सूर घसरायचा. अकरा वेळा बिघडलं. बाराव्या वेळी तो वैतागून माझ्याकडे वळला, माइक मध्ये धरला आणि मला कपाळ टेकून गायला. लोकांना तेच गाणं सगळ्यात आवडतं म्हणे. आवडणारच, आईच्या पाठीच्या खळग्यात तोंड खुपसून गायलेलं आहे ते.

अल्बम निघाला. कव्हरमागे आभारांची यादी होती. मामा होते, चहावाला होता, रेकॉर्डिंगच्या वेळी न भुंकल्याबद्दल गल्लीतला कुत्रासुद्धा होता. आईचं नाव राहून गेलं. मुद्दाम नाही, पण राहिलं. मग चौघे व्हॅनमधून गावोगाव निघाले. स्वतःच पोस्टर चिकटवायचे आणि कार्यक्रम संपला की टेबल मांडून अल्बम विकायचे. मी मागे राहिले. याला दीड वर्ष झालं. उंदरांनी माझा एक कोपरा पोखरला, तेही चालवून घेतलं. पण अंगावर कुणाचा भार नाही, याची सवय काही होत नाही. मला त्या बाईंची आठवण येते. फार येते.

गेल्या आठवड्यात मामांच्या रेडिओवर मुलाची मुलाखत लागली. ड्रम इतके जवळ कसे वाटतात, असं कुणी विचारलं. "एक जुनी गादी होती," म्हणाला आणि हसला. होती म्हणे. मी अजून इथेच आहे.

ती मुलाखत त्याच्या आईनेही ऐकली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गोदामात आल्या, कंबरेवर हात ठेवून, सावकाश. त्यांनी माझ्या खळग्यावरून हात फिरवला. मला वाटलं, सुटले एकदाची.

मामा पक्कड घेऊन आले. "ताई, आत्ता हातगाडीवर घालून घरी पोचवतो. आधी सांगायचं नाही का?"

एक खिळा निघाला, दुसऱ्याला पक्कड लागली, आणि त्यांनी मामांचा हात धरला.

"राहू द्या, भाऊ. तो स्वतः आणून देतो म्हणालाय."

"अहो, पण तो येणार कधी?"

"तेच तर. ही घरी आली, तर त्याला यायला काय कारण उरलं?"

निघालेला खिळा त्यांनी पुन्हा ठोकून घेतला आणि गेल्या.

मित्रांनो, कुणाची वस्तू मागून नेली असेल तर नीट जपा आणि परत करा. पण दुसऱ्याच्या हाती पाठवू नका, स्वतः जा. आणि दार उघडायला वेळ लागला, तर परत फिरू नका. चटईवरून उठायला वेळ लागतो.