तुमचा विरोध धरला आहे

शुभदाताईंनी ठाण्याच्या एका कॉलेजात उभी हयात माहितीशास्त्र शिकवण्यात घालवली, आणि दरवर्षी नव्या वर्गात पाऊल टाकलं की पहिलं वाक्य एकच म्हणायच्या, "मुलांनो, मी तुमची शिक्षिका आहे." मग थांबून विचारायच्या, की या वाक्यातून तुम्हाला माहिती किती मिळाली. मुलं गोंधळून एकमेकांकडे बघत. "शून्य," ताई सांगत, "कारण ते तुम्हाला आधीच ठाऊक होतं. जे ऐकून भुवईसुद्धा हलत नाही त्याला माहिती म्हणत नाहीत, तो नुसता आवाज." हे त्यांना अगदी मनापासून पटलेलं होतं, आणि आपण स्वतः कधी नुसता आवाज होऊन उरणार नाही, याबद्दल त्यांची जरा जास्तच खात्री होती.

निवृत्तीनंतर डोंबिवलीच्या घरात त्या आणि त्र्यंबकराव असे दोघंच राहिले. मुलगा अपूर्व संसार घेऊन माजिवड्याला गेला होता. त्र्यंबकराव गुडघ्यांपायी जिना उतरत नसत. खिडकीशी पेपर घेऊन बसत, आणि ताईंनी "अहो" म्हणताच पेपरातून डोकं न काढता पुढच्या प्रश्नाचं उत्तर देऊन मोकळे होत. त्यात नवल काहीच नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोचं पुढचं वाक्य पाठ झालं नाही तर तो नवरा कसला! नाक्यावरचा राकेश भाजीवालाही ताई दिसल्या की न विचारता अर्धा किलो वांगी तोलायला घ्यायचा, आणि ताईंना त्याचं कौतुकच वाटायचं.

पण कल्याणला चष्म्याच्या एका नव्या दुकानात, जिथे त्या जन्मात पहिल्यांदाच शिरत होत्या, तिथल्या मुलीने त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाही मॅडम, काळ्या काडीची फ्रेम नाही येत आता. ब्राउन दाखवू?"

ताईंचं तोंड नुसतं उघडलेलं होतं. "मी कुठे काही विचारलं तुला?"

"विचारलंत ना आत्ता," मुलगी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूसही नव्हता.

ताईंना काळ्याच काडीची फ्रेम हवी होती. काहीच न घेता त्या परत आल्या, आणि येताना स्वतःची समजूत घालत राहिल्या की आपण बोललो असू, वय झालं आता, लक्षात राहत नाही.

पुढे ते वाढत गेलं. रिक्षावाला पत्ता न ऐकता नेमका दारात आणून सोडायचा. डॉक्टर गोळ्या लिहून देताना "नाही, यांनी पित्त होणार नाही" असं सांगून पुढच्या पेशंटला हाक मारायचे. अपूर्वला फोन लावला की ताईंच्या "हॅलो"च्या आधी तिकडून उत्तर यायचं, "हो आई, जेवलो. रविवारी नाही जमत गं. ठेवतो." कुणी उद्धटपणे वागत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. सगळे हसून, मान डोलावून ताईंच्या न बोललेल्या बोलण्याला उत्तर द्यायचे आणि आपल्या कामाला लागायचे. घराबाहेर एक अख्खं वाक्य बोलून किती काळ लोटला, हे ताईंना आठवेना. न्हाणीघराचं दार लावून त्या कधीकधी मोठ्याने काहीतरी म्हणून बघत, केवळ आवाज शाबूत आहे ना याची खात्री करायला. भीती वाटायचीच, पण भीतीपेक्षा संताप जास्त यायचा, कारण आपल्याला गृहीत धरलेलं त्यांनी सासूचंसुद्धा कधी खपवून घेतलं नव्हतं.

अशात सोसायटीचं रिडेव्हलपमेंट निघालं. इमारत पाडायची, चार वर्षं दिवा स्टेशनजवळ बिल्डर देईल त्या खोल्यांत काढायची, मग नव्या टॉवरमध्ये यायचं. चार वर्षं टँकरच्या पाण्यावर, लिफ्ट बंद असली की गुडघे धरून बसलेले त्र्यंबकराव. ताईंना पक्कं कळत होतं की तिथून ते या जागी परत येणार नाहीत. त्यांना नवऱ्याला याच खिडकीशी म्हातारं होऊ द्यायचं होतं. एक सही अडली तरी बिल्डर मागे फिरणार होता, आणि ती सही आपली असेल असं ताईंनी मनाशी ठरवून टाकलं होतं. भाषण तयार झालं. आता तरी कुणाला ऐकावंच लागेल, असं त्यांना वाटत होतं.

सभेच्या आदल्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर सभेचा वृत्तांत येऊन पडला. सभा व्हायचीच होती. त्यात लिहिलं होतं : 'शुभदाताईंनी ज्येष्ठांच्या गैरसोयीचा मुद्दा मांडला. त्यांचा विरोध धरला आहे. चर्चेअंती तो मागे घेण्यात आला.'

ताई तरातरा वर गेल्या. सेक्रेटरी सुधीर सबनीस चहा पीत होता. माणूस तसा भला, गणपतीत राबणारा, ताईंच्या हाताखाली शिकलेला.

"ताई, रागावू नका," त्यांनी काही म्हणायच्या आत तो म्हणाला, "तुमचं म्हणणं माहीत आहे ना सगळ्यांना. टाइम वाचतो तेवढाच. आणि रागाच्या भरात तुम्ही एकदम हो म्हणालात, तर तेही धरलंय. वृत्तांतात खाली बघा."

ताईंनी खाली पाहिलं. तेही धरलेलं होतं.

नाही म्हटलं तरी धरलेलं, हो म्हटलं तरी धरलेलं, आणि गप्प बसावं तर मूक संमती. दुसरी एखादी बाई रडत बसली असती. ताईंनी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवणीतली साडी काढली, केसांचा घट्ट अंबाडा घातला आणि खाली पार्किंगमध्ये मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांत पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. काय बोलायचं ते त्यांनी ठरवलंच नव्हतं. ठरवलं की ते कुणालातरी कळतं, एवढं त्यांना कळून चुकलं होतं.

"ताईंचा विरोध आपण धरलेलाच आहे," सुधीर मोबाइलमध्ये बघून वाचू लागला, "तेव्हा पुढचा विषय..."

ताई उभ्या राहिल्या. "सही माझी एकटीची चालणार नाही," त्या म्हणाल्या, "अर्धी जागा क्षिप्राची आहे."

सुधीरने मान वर केली. "कोण क्षिप्रा?"

"माझी मुलगी."

खुर्च्या करकरल्या. सुधीरने मोबाइलवरचा मजकूर वर सरकवला, खाली सरकवला. तिथे काही नव्हतं. ताईंनी ते पाहिलं आणि त्यांच्या छातीत आनंदाचं असं भरतं आलं की दोन्ही हात वर करून ओरडावंसं वाटलं.

"अहो ताई," शेजारच्या योगिनी म्हणाल्या, "तुम्हाला तर अपूर्व एकटाच!"

"तुम्हाला माहीत असलेला एकटाच."

"मग असते कुठे ही?"

"आंबिवलीला. स्टेशनमागे पिठाची गिरणी आहे, तिच्या माडीवर."

"करते काय?"

"कवळ्या बनवते. दातांच्या."

कुणीतरी हसायला गेलं आणि हसू अर्ध्यावरच राहिलं. लोक विचारत होते, आणि विचारून थांबत होते, ताईंच्या तोंडाकडे बघत. किती दिवसांनी कुणी आपल्या तोंडाकडे बघतंय! नसलेल्या मुलीबद्दलची उत्तरं भराभर जिभेवर येत होती, शोधावी लागत नव्हती. वर्गावर एवढी वर्षं काढली ती फुकट गेली नाहीत, ताई मनात म्हणाल्या. क्षिप्राची सही येईपर्यंत ठराव तहकूब झाला, आणि ताई जिंकलेल्या पैलवानाच्या ऐटीत तीन मजले चढून वर आल्या.

"अहो, ऐका गंमत," दारातूनच त्या म्हणाल्या, आणि चपला न काढता, खुर्चीच्या पाठीला धरून, हसत हसत सगळं सांगत सुटल्या. त्र्यंबकरावांनी मध्ये एकदाही उत्तर दिलं नाही. त्यांनी पेपराची घडी घालून ती मांडीवर ठेवली.

"शुभदा," ते म्हणाले, "क्षिप्राचं नाव या घरात काढायचं नाही, असं तूच ठरवलं होतंस."

ताईंचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. त्र्यंबकरावांना थट्टा कधी जमलेली नव्हती, आणि आताही ती जमवण्याचा त्यांचा प्रयत्न दिसत नव्हता. त्यांचे डोळे भरून आले होते.

"कुठे असते ती?" ताईंनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला.

"ते मला काय ठाऊक? आत्ता तूच म्हणालीस ना, आंबिवलीला."

खाली पार्किंगमध्ये खुर्च्या एकात एक रचल्याचे आवाज येत होते. ताईंच्या मनात तोच जुना संताप वर येत होता. सगळ्या गावाने आपलं म्हणणं आधी ठरवून ठेवलं, ते कमी होतं म्हणून की काय, आता आपणच कधीतरी ठरवून ठेवलेलं काहीतरी आपल्याला आडवं येऊ बघत होतं.

"ठरवलं असेल मी," त्या म्हणाल्या. "आज मोडते."

त्यांनी खुंटीवरची पर्स काढली. त्र्यंबकराव खुर्चीचे हात धरून कष्टाने उभे राहिले.

"थांब, रिकाम्या हाताने जाऊ नकोस. नाक्यावरून काहीतरी घे. काय आवडतं गं तिला?"

आणि ते थांबले. उत्तर न देता, पेपर न उघडता, बायकोच्या तोंडाकडे बघत खरोखरच थांबले.

"करंज्या," शुभदाताई म्हणाल्या. "ओल्या नारळाच्या. पण वेलची नको. वेलचीने तिला शिंका येतात."