न उचललेला भंडारा

कन्नड मुलखातल्या गवीपुरमच्या मराठ्यांत शपथा घ्यायला नागोजीसारखा दुसरा नव्हता. तो पिऊन आला की दुसऱ्या दिवशी थोरले बंधू हणमंतराव खंडोबाच्या टाकापुढे बेलभंडारा मांडत. नागोजी डोळ्यांत पाणी आणून तो उचले, जन्मात शिवणार नाही म्हणे, आणि घरदार सुटलो बाबा म्हणून जेवायला बसे. आठवडा बरा जाई, कधी पंधरवडा. मग पाय घसरे, आणि शपथ मोडली या भीतीनंच तो आणखी पीत असे. देव कोपलाच आहे, तर आता मागं कशाला हटायचं! आमच्या लोकांची अक्कलही अशी, की औषध लागू पडेना म्हटल्यावर तेच औषध पुन्हा पाजायचं.

त्याची बायको मालनबाई खमकी होती. कँटोनमेंटातल्या बायकांचे फ्रॉक शिवून तिनं संसार ओढला. त्यातल्याच एका मडमेचा नवरा रेल्वेत इंजिन ड्रायव्हर. एके काळी त्याला लोक उचलून घरी आणत, आणि आता तो व्हरांड्यात बसून चहा प्यायचा. कुठल्या देवाची शपथ घेतली, म्हणून मालनबाईनं विचारलं. मडम हसली. शपथबिपथ काही नाही, म्हणाली, चर्चमागच्या खोलीत दर मंगळवारी सगळे दारुडे जमतात आणि एकमेकांना आपापली हकिकत सांगतात. घरच्यांनाही बसू देतात.

दारुड्यांनी दारुड्यांना काय कपाळ शिकवायचं, असं मालनबाईला वाटलं. पण बुडत्याला काडीचा आधार. पुढच्या मंगळवारी तिनं नागोजीला धरून नेलं आणि जाताना पदराच्या गाठीला बेलभंडारा बांधून घेतला. मोठी शहाणीच ती! खोलीत शिरल्या शिरल्या तिनं टेबलावर तो नीट मांडला आणि एकेकानं पुढं येऊन उचलावा म्हणून वाट बघत उभी राहिली. तमिळ, कन्नड, इंग्रजी बोलणारे ते सगळे बाप्ये पिवळ्या पुडीकडं बघतच राहिले.

शेवटी ड्रायव्हर उठला. आपल्या मोडक्या कन्नडात त्यानं समजावलं, की अम्मा, जन्माचं वचन आमच्यातल्या प्रत्येकानं दिलंय आणि मोडलंय. इथं आम्ही फक्त आजचं बोलतो. "इवत्तिगे साकु," तो म्हणाला. आजच्यापुरतं बास.

मालनबाईनं खाली मान घालून पुडी बांधली. तिला लाज वाटली आणि रागही आला. पण शेजारी बघते तर नागोजीचे खांदे हलत होते. तो रडत होता, आणि हे रडणं दाखवण्यापुरतं नव्हतं. तो उठला आणि कन्नडात म्हणाला, "मी नागोजी. मी दारुडा आहे. आज प्यालेलो नाही." कुणी हार घातला नाही की पाठ थोपटली नाही. पुढच्याची पाळी आली, एवढंच.

तेव्हापासून मंगळवार चुकला नाही. पावसाळा गेला, दसरा-दिवाळी कोरडी गेली आणि चंपाषष्ठी आली.

त्या दिवशी हणमंतरावांकडं भाऊबंद जमत आणि पाच पुरुष खंडोबाची तळी उचलत. पाचांतला एक मान नागोजीच्या बापाकडून त्याच्याकडं आलेला, पण पिण्यापायी तो कधीच काढून घेतला होता. माणसाला भूक असते ना, तशी त्याला त्या मानाची भूक होती. यंदा सकाळपासून तो फेटा बांधून तयार होता.

हणमंतराव म्हणाले, तुझी जागा तुला देतो, पण आधी भंडारा उचल. जन्माचं बोल, सगळ्यांच्या देखत. उचलला तर मान मिळणार होता. आणि उचलला तर तीच जुनी भीती पुन्हा मानेवर बसणार होती.

नागोजीनं भंडाऱ्याकडं पाहिलं, हात जोडले आणि तसाच उभा राहिला.

"अण्णा, मी दारुडा आहे. आज प्यालेलो नाही. जन्माचं देवापुढं खोटं बोलणार नाही."

एकच कुजबुज उठली. बघा, प्यायची सोय ठेवतोय! हणमंतरावांचा चेहरा लाल झाला. त्यांनी चुलतभाऊ गुंडोला पुढं बोलावलं. गुंडोनं चटकन भंडारा उचलून ती शपथ वाहिली. दर वर्षी वाहतो तशीच वाहिली, आणि तोंडाचा वास लपवायला पान खाऊन आला होता. तळी उठली. रिकाम्या हातानं मागं उभा राहिलेला नागोजी 'येळकोट येळकोट' असा गरजला की बाकीच्यांचे आवाज त्यात बुडाले.

मालनबाईचा ऊर भरून आला. लग्नात नवरा घोड्यावरून आला होता, तेव्हाही तिला तो एवढा मोठा दिसला नव्हता.

बायकांची पंगत बसली. जाऊ मथुराक्का वाढायला आली. नागोजीनं अख्ख्या कुळाचं नाक कापलं, असं ती वाकून, हळूच, कीव केल्यासारखं बोलली. शेजारच्या बायका खाली मान घालून कान देऊन होत्या.

मालनबाई मात्र हळू बोलली नाही.

"माझा नवरा दारुडा आहे, अक्का. आज प्यालेला नाही," ती पंगतभर ऐकू जाईल अशी म्हणाली आणि पान पुढं केलं. "वाढा भरीत. चांगलं भरपूर वाढा."