भिंतीवरच्या दोन थापा

जुन्या गिरणीच्या रस्त्यावरच्या त्या चाळीत खोल्या सोळा. पंधरा जणांनी सह्या करून टाकलेल्या, सोळावी तेवढी चिमाबाईची राहिली होती. ती झाल्याशिवाय कंपनी चाळ पाडणार नव्हती आणि नवी इमारत उठणार नव्हती. अख्ख्या रस्त्याचं घोडं एका म्हातारीपाशी अडलं होतं म्हणा की!

लोक म्हणायचे, हिला जादा जागा पाहिजे. कुणी म्हणायचं, नवऱ्याची आठवण सोडवत नसेल. छे हो! गिरणी बंद पडल्यावर तो बाबा मरेपर्यंत खाटेवर घोरत पडला, त्याची कसली आलीय आठवण. खरी गोष्ट निराळीच होती आणि चिमाबाईला ती कुणाला सांगायची लाज वाटत होती.

कंपनीचा ऋतुराज, तिशीतला गडी, आषाढात पहिल्यांदा फाईल घेऊन आला. चिमाबाई म्हणाली, "आज अवस हाय बाबा. फुडल्या गुरुवारी ये."

तो आला. तिनं सहज भाकरी आणि शेंगाची चटणी पुढं ठेवली. गड्यानं दोन भाकऱ्या हाणल्या, आईच्या गुडघ्याचं सांगितलं, लग्न जमत नाही म्हणून रडगाणं गायलं. नवरा गेल्यापासून तीन वर्षांत चिमाबाईच्या ताटाशेजारी दुसरं ताट पडलं नव्हतं. त्या दिवशी तिला घास गोड लागला. आता सही केली, तर हा परत कशाला येतोय?

मग काय, कॅलेंडर कामाला आलं. पितरपाटात शुभ काम करत नाहीत. मार्गशीर्षातल्या गुरुवारी उपास, म्हणून शाबूची खिचडी. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी कर, तो तर अशुभच.

"आजी, तुमच्या कॅलेंडरात चांगला दिवस छापत्यात तरी का?" ऋतुराज हसायचा आणि चटणी मागून घ्यायचा.

पलीकडच्या खोलीत कमलम्मा राहायची. नवरा अंथरुणाला खिळलेला, त्यामुळं तिचा पाय घरातून निघत नसे. पौषात छताचा ढलपा नवऱ्याच्या उशाशी पडला, तशी ती धावत आली. "सही कर ग चिमा. हात जोडते तुला."

"पौष सरू दे," चिमाबाईच्या तोंडून सवयीनं गेलं.

कमलम्मानं बोलणं टाकलं. पण सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि ते आलं की चिमाबाईला कळावं म्हणून मधल्या भिंतीवर दोन थापा मारायच्या, ही तिची तीस वर्षांची रीत. ती तिनं मोडली नाही. बोलायची नाही, पण थापा मारायची. थापा पडल्या की चिमाबाई हंडा लावायची आणि तिला तो छताचा ढलपा आठवायचा. शेवटी तिनं ठरवलं, बास झालं. माघ लागला की सही करायची.

माघातला पहिला गुरुवार आला. तिनं भाकऱ्या थापल्या, पेन काढून ठेवलं. बारा वाजले, दोन वाजले. तिनं फोन लावला.

"आजी, कंपनीनं तुमच्या रस्त्याचा नाद सोडला," ऋतुराज म्हणाला. "चिंचोळी एमआयडीसीकडं मोकळी जागा घेतली. तिकडं सह्यांची कटकट न्हाई."

"आज दिस चांगला हाय रं. करती की सही."

"आता नको, आजी."

"मग नुसता जेवायला ये."

"येतो की कधीतरी," तो म्हणाला. चिमाबाईनं त्याची भाकरी झाकून ठेवली.

पुढच्या आठवड्यात कमलम्माची लेक दानेश्वरी अक्कलकोटहून टेम्पो घेऊन आली. गळक्या छताखाली आईबापाला किती दिवस ठेवणार? सामान चढलं, बापाला उचलून बसवलं. चिमाबाईला राहवेना. ती टेम्पोपाशी गेली आणि एका दमात सांगून मोकळी झाली. "जागंसाठी न्हाय ग अडवलं मी. त्यो जेवायला यायचा. दुसरं कुणी न्हवतं मला."

आता शिव्या पडणार म्हणून तिनं मान खाली घातली.

"अय्यो, येडे," कमलम्मा म्हणाली. "पाण्याला थाप मारत व्हते न्हवं मी? तू जेवायला मारायची व्हतीस की. पलीकडंच व्हते मी."

टेम्पो गेला.

पाचव्या दिवशी नळाला पाणी आलं. कुणी सांगितलं नाही, म्हणून चिमाबाईला उशिरा कळलं. हंडा लावून ती भिंतीपाशी गेली आणि दोन थापा मारल्या. पलीकडं गिलावा पडल्याचा आवाज झाला. ती थोडा वेळ थांबली आणि तिनं पुन्हा दोन मारल्या.